चार बोटं

श्रेणिकच्या वडलांनी रुमालाखाली माझा हात घेतला
आणि चार बोटं दाबली.
यार्डात हळदीचा सौदा असा मुक्यानंच व्हायचा,
पण मी खरेदीदार नव्हतो, बेस वाजवणारा पोरगा.
मला वाटलं, चार हजार भाडं.
ते म्हणाले, "चार महिनं. मग नवा माल येतोय.
तोवर घाला काय धिंगाणा घालायचा त्यो."

गोदामात पोती नव्हती, वास होता.
सोहेलच्या अब्बांच्या गादी कारखान्यातनं
जुन्या गाद्या आणून भिंतींना टांगल्या,
कुणाच्या रुखवतातल्या, कुणाच्या आजारपणातल्या,
डागांसकट.
सोहेलचे दोन्ही पाय चालू झाले
की फरशीच्या फटीफटीतनं पिवळी धूळ उठायची.
झांजा पिवळ्या, घाम पिवळा,
काळे टीशर्ट पिवळे.
घरी आई विचारायची, कुणाचं लगीन होतं रे?

वैजयंता मिरजेला नर्सिंगला.
दिवसभर वॉर्डात हळू बोलायची सवय लागलेली,
आणि रात्री माइक धरला की
बेंबीच्याही खालनं असा आवाज काढायची
की पहिल्या दिवशी सिदगोंडा वॉचमन
काठी घेऊन आत आला.
दुसऱ्या दिवशी तांब्या घेऊन आला:
कोमट पाणी, मीठ, चिमूटभर हळद.
"गुळण्या कर बाई. घसा हाय का इंजान."

बँडचं नाव पेव.
हरिपुरात जमिनीच्या पोटात असायची तसलं:
तोंड माणूस उतरेल एवढं, आत घराएवढा अंधार,
आधी कंदील सोडायचा,
तो विझला तर आपण उतरायचं नाही.
आम्ही कंदील न सोडताच उतरलो होतो.

गाणी सात होती.
परवडणारा स्टुडिओ एकच,
जिथं रिक्षावरच्या घोषणा रेकॉर्ड व्हायच्या.
झेडपीची निवडणूक तोंडावर.
दड्डीकर मामा म्हणाले, पहाटे दोन ते सहा मशीन मोकळं हाय.
मग वहीत डोकं घालून, "कुठल्या पार्टीचं?"
सोहेल म्हणाला, "आमचंच."

चार तास, चार गाणी.
बाकीच्या तिघांवरून स्टँडवर भांडलो,
चहा गार होईस्तोवर, मग दुसरा चहा गार होईस्तोवर.
अल्बम झाला नाही असं कुणी म्हणायचं नाही, ठरलं.
ईपी.
म्हणजे काय, असं काकानं विचारलं तेव्हा
मी सांगितलं, वाढवलेलं.
"किती वाढवलंय?"
सतरा मिनिटं चाळीस सेकंद.
काका म्हणाला, एवढ्यात आमचं सायकलचं पंक्चर निघतं.

तिसऱ्या गाण्यात सगळं थांबतं, फक्त एक तार घुमते,
तिथं दड्डीकर मामांचा खोकला आहे.
परत घ्यायला वेळ नव्हता, बाहेर उमेदवार येऊन बसलेला.
पुढं पुण्यातल्या एका पोरानं विचारलं,
तो आवाज कुठल्या पेडलचा?

कव्हर बारदानाचं.
पोत्यांवर मारतात त्या पत्र्याच्या अक्षरांनी, काळ्या शाईनं
पेव,
आणि खाली पुसायचं राहून गेलेलं राजापुरी २.
शंभर काढल्या. एकसष्ट गेल्या.
त्यातल्या अकरा वैजयंताच्या हॉस्टेलवर,
लपवून ठेवायच्या अटीवर.

पहिली प्रत श्रेणिकच्या वडलांना दिली.
त्यांनी पेढीवर गादीवर बसून ऐकली,
दिवाणजीनं कान झाकले, ते मात्र
चष्मा न काढता, तक्क्याला न टेकता,
सतराच्या सतरा मिनिटं.
यार्डात तेव्हा हळदीच्या गाड्या लागल्या होत्या,
आमच्या गाद्या बाहेर कट्ट्यावर उन्हात.
मग त्यांनी रुमाल काढला,
माझा डावा हात आत घेतला
आणि माझ्या बोटांच्या टोकांवर,
तारांनी घट्टे पडलेत तिथं,
त्यांचा अंगठा थांबला.

भाव काही सांगितला नाही.
बराच वेळ हातही सोडला नाही.